व्हरमाँटच्या छोट्या गावात मतं कशी पडतात? ग्रीन कार्डवाल्याला तिथे काय करता येतं?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात हजार-बाराशे वस्तीच्या गावात नवीन आलात, नोव्हेंबरात अंगणोअंगणी डेमोक्रॅट पक्षाच्या पाट्या होत्या, मग मार्चमध्ये गावाच्या मताला आलेलं शाळेचं बजेट पडलं कसं? आणि ग्रीन कार्डवर मत देता येतं का?

मताचं आधी सांगतो, कारण तिथली चूक महागात पडते. नाही, देता येत नाही. माँटपेलियर, विनूस्की आणि बर्लिंग्टन या तीन शहरांत कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांना शहराच्या निवडणुकीपुरतं मत आहे, बाकी गावांत नाही. धोका असतो तो ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर. २०१७ पासून तिथेच आपोआप मतदार नोंदणी होते, त्यामुळे नागरिकत्वाचा रकाना न वाचता सही केली की नाव यादीत जाऊ शकतं. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात 'कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, मत दिलं का' हे विचारतात. नाव गेलं असेल तर टाउन क्लार्ककडून (गावाची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) लगेच काढून घ्या, लेखी पुरावा ठेवा आणि वकिलाला दाखवा.

आता पाट्यांचं. व्हरमाँटमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच होत नाही. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार बायडन आणि रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट, दोघांनाही याच राज्यात दोन-तृतीयांशाच्या आसपास मतं पडली. म्हणजे एकाच घरातून, एकाच मतपत्रिकेवर दोन्ही शिक्के. त्यामुळे पाटीवरून शाळेच्या बजेटचा अंदाज बांधू नका. त्यासाठी घरपट्टीचं बिल बघा.

शाळेचा खर्च मुख्यतः राज्यव्यापी शिक्षण-करातून भागतो. गावाच्या घर-जमिनींच्या यादीतल्या (ग्रँड लिस्ट) किमती बाजारभावाच्या किती टक्के आहेत, ते प्रमाण राज्य दरवर्षी काढतं आणि कराच्या दराला त्याने भागतं. सूत्रातले बारकावे बाजूला ठेवून बघा: यादीत घर २,१०,००० डॉलरचं, दर शंभराला १.४० डॉलर. प्रमाण ८० टक्के असेल तर दर १.७५ होतो आणि बिल ३,६७५ डॉलर. कोविडनंतर आसपासची घरं चढ्या भावाने विकली गेली, प्रमाण ७० वर आलं, की दर २.०० आणि बिल ४,२००. तुमच्या घराला साधा रंगही लागलेला नाही, शाळेने एक डॉलर जास्त खर्च केलेला नाही, तरी ५२५ डॉलर वाढले. हा राग काढायला मतदाराच्या हातात एकच कागद असतो, शाळेच्या बजेटची मतपत्रिका. २०२४ च्या मार्चमध्ये राज्यातली साधारण एक-तृतीयांश शाळा-बजेटं पडली. विद्यार्थ्यांची गणना करण्याची नवी पद्धत आली होती आणि त्यासोबत दिलेली करवाढीची मर्यादा ऐन फेब्रुवारीत मागे घेतली गेली, त्याची ही गंमत. त्याच नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस राज्यात आरामात जिंकल्या, पण विधिमंडळातलं डेमोक्रॅट्सचं गव्हर्नरचा व्हेटो (नकाराधिकार) उलटवण्याइतकं बहुमत गेलं. पडलेलं बजेट कापून पुन्हा मताला येतं. १ जुलैपर्यंत मंजुरी नाही मिळाली तर शाळेला गेल्या वर्षीच्या बजेटच्या ८७ टक्क्यांपर्यंत कर्ज काढून चालवावं लागतं.

घर तुमचं असेल आणि त्यात तुम्हीच राहत असाल तर तसं जाहीर करणारा एचएस-१२२ हा फॉर्म दरवर्षी एप्रिलच्या मुदतीत भरा. पुष्कळ नवे लोक विसरतात आणि वेगळ्या दराचं बिल व वर दंड घेऊन बसतात.

गावाचं बजेट (रस्ते, बर्फ काढणं, अग्निशमन) वेगळं. ते अनेक ठिकाणी अजून मार्चच्या पहिल्या मंगळवारी सभागृहातच ठरतं. सभेच्या ३० ते ४० दिवस आधी विषयपत्रिका लागते. पहिला विषय मॉडरेटरची (सभा चालवणाऱ्याची) निवड, मग एकेक ठराव. आवाजी मतदान होतं, निकाल पटला नाही तर उभं करून मोजतात, सात मतदारांनी मागितली तर चिठ्ठी. इथे उपसूचना मांडून आकडा बदलता येतो. गाव छापील मतपत्रिकेवर गेलं असेल तर मात्र फक्त हो किंवा नाही. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मोऱ्यांचा किंवा खडीचा विषय 'ऐनवेळचे विषय' येईपर्यंत राखून ठेवणं. तिथला ठराव कुणावर बंधनकारक नसतो. रस्त्याच्या ठरावावरच बोला.

सभेत टपाली मत नाही, कुणाच्या वतीने मत नाही. म्हणून हजर असतात ते बहुतेक निवृत्त, शेतकरी आणि जवळच नोकरी असलेले. सात दिवस आधी कळवून बिनपगारी रजा मागायचा हक्क कायद्याने आहे, पण तासावर काम करणाऱ्याला ती परवडत नाही. निकालाचा झुकाव मला तरी पक्षापेक्षा इथूनच येताना दिसतो.

तुम्ही सभेला बसू शकता, पण मतदार नसल्याने बोलायला सभेची परवानगी लागेल. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत सिलेक्टबोर्डच्या (गावाचा कारभार बघणारं निवडून आलेलं मंडळ) बैठकांना जा. त्या सगळ्यांना खुल्या असतात, नागरिकत्व कुणी विचारत नाही, आणि मार्चमध्ये मताला येणारा आकडा तिथेच ठरत असतो.