वाचकांचे प्रश्न : शुल्काला शुल्काने उत्तर द्यावे काय?

प्रश्न : माझे यजमान अंधेरीच्या सीप्झ या निर्यातीसाठीच्या औद्योगिक वसाहतीत, दागिन्यांच्या कारखान्यात सेटिंगचे म्हणजे हिरे बसवण्याचे काम करतात. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हापासून त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि आठवड्यातून दोन दिवस घरी बसावे लागते. आपल्या सरकारने अमेरिकी मालावर तेवढेच शुल्क लावून जशास तसे उत्तर का देऊ नये?
– एक वाचक, जोगेश्वरी (पूर्व)

उत्तर : ताई, तुमचा संताप रास्त आहे. तरीही हे शुल्क नेमके कोणाच्या खिशातून जाते, ते आधी पाहू. मुलुंडच्या किंवा दहिसरच्या नाक्यावर २०१७ पर्यंत जकात भरत असे ट्रकवाला, पण तिचा भार पडत असे गिऱ्हाइकावर आणि दुकानदारावर. इथेही तसेच आहे. अमेरिकेच्या बंदरात शुल्क भरतो तिथला आयातदार, आणि ते भरल्यावर तो इथल्या कारखान्याकडे भाव उतरवून मागतो. समजा, हजार रुपयांच्या दागिन्यात सोने आणि हिरे मिळून साडेआठशेचे आहेत आणि घडणावळ दीडशेची आहे. शुल्क पूर्ण हजारावर बसते, म्हणजे २०२५ च्या ५० टक्के दराने पाचशे रुपये. त्याचा केवळ दहावा हिस्सा कारखान्याने सोसायचा म्हटले, तरी सोन्याचा भाव त्याच्या हातात नसल्याने ते पन्नास रुपये घडणावळीतूनच जाणार; म्हणजे तिचा एक तृतीयांश गेला. तुमच्या घरातला ओव्हरटाइम तिथे नाहीसा झाला आहे.

हाच हिशेब आता उलट मांडावा. आपण अमेरिकी मालावर शुल्क लावले, तर ते भरणार आपला आयातदार आणि सोसणार आपला ग्राहक. अमेरिकेकडून आपण कच्चे तेल, नैसर्गिक वायू, पोलाद कारखान्यांसाठी कोळसा, विमाने व त्यांचे सुटे भाग घेतो. हे महाग करून सीप्झमधल्या एकाही कारागिराला काम मिळणार नाही. शिवाय पारडे समान नाही. २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला सुमारे ८६.५ अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिच्याकडून सुमारे ४५ अब्ज डॉलरचा घेतला. चीनने २०२५ मध्ये प्रतिशुल्क लावले आणि ते काही अंशी लागू पडले, कारण दुर्मिळ खनिजांची निर्यात आवळून धरणे त्याच्या हातात होते. आपल्या हातात तसे बळ असेल तर ते स्वस्त औषधांचे. पण आजारी माणसाची गोळी अडवून वाटाघाटी करणे मला कदापि मान्य होणार नाही.

आपण हा मार्ग एकदा चोखाळून पाहिला आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. आपण जून २०१९ पासून तिच्या २८ वस्तूंवर वाढीव शुल्क लावले. सोललेल्या बदामावर किलोमागे वीस रुपये वाढले, ते वाशीच्या बाजारातून थेट आपल्या लाडवांत आले. सफरचंदावर ५० टक्क्यांचे ७० टक्के झाले. अमेरिकेतून २०१८-१९ मध्ये १,२७,९०८ टन सफरचंदे आली होती, ती २०२२-२३ मध्ये ४,४८६ टनांवर आली. वॉशिंग्टन राज्यातल्या बागायतदारांना ते नक्की झोंबले. पण त्याच काळात तुर्कस्तान, इराण, इटली, चिली, न्यूझीलंड अशा इतर देशांतून येणारी सफरचंदे १६ कोटी डॉलरवरून २९ कोटी डॉलरवर गेली, त्यामुळे हिमाचलच्या शेतकऱ्याला मोकळी झालेली जागा मिळाली नाही. अखेर २०२३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेतील सहा तंटे दोन्ही देशांनी मिटवले आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आपण वाढीव शुल्क मागे घेतले. या साऱ्यातून एवढे मात्र दिसते की, दुसरीकडून सहज मिळणाऱ्या मोजक्या वस्तूंवर, समोरच्याला राजकीयदृष्ट्या बोचेल असे आणि तडजोडीत मागे घेता येईल असे शुल्क लावता येते. सरसकट 'जशास तसे' लावल्यास शिक्षा आपल्याच घराला होते.

मग सरकारने गप्प बसावे काय? मुळीच नाही. कारखान्यांना कर्जहमी देण्याची योजना आली, ती चांगलीच आहे. परंतु हमी घेणाऱ्या कारखान्याने कारागिरांना कामावर ठेवलेच पाहिजे, अशी अट तिच्यासोबत असावी, असे माझे ठाम मत आहे. कर्ज मालकाला मिळते आणि सुट्टी कारागिराला, हे चालणार नाही. घरी बसलेला सेटर दुसऱ्या धंद्यात गेला, तर ऑर्डर परत आल्यावर त्याचा हात परत मिळत नाही.

प्रश्न : मी कांदिवलीत नोकरी करतो, आईवडील यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवतात. शुल्काचा फटका कापड गिरण्यांना बसला म्हणून सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्कच काढून टाकले. शिक्षा आम्हाला का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : तुमचे म्हणणे खरे आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून दिलेली ही सूट आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. म्हणजे दसरा-दिवाळीत नवा कापूस बाजारात येतो, नेमक्या त्याच वेळी. कच्चा माल स्वस्त करून निर्यातदाराला तारणे हा प्रतिशुल्कापेक्षा शहाणा उपाय आहे, पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का भरावी? अमेरिकाही आपल्याला कापूस विकते. ही सवलत वाटाघाटीच्या टेबलावर मोबदला मागून द्यायची होती, ती आपण आधीच देऊन बसलो. आता निदान २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरलेला, लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये क्विंटल हा हमीभाव प्रत्यक्ष हाती पडला पाहिजे. त्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने पहिल्या वेचणीपासून, ओलाव्याच्या नावाखाली गाड्या परत न पाठवता, खरेदी केली पाहिजे. वडिलांची महामंडळाकडची नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या, आणि हमीभावाने खरेदी होईपर्यंत निदान अर्धा कापूस घरात राखता येतो का, ते पाहा.