हट्ट राहू दे, पंचविसावा सेकंद बदल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बिस्किटांच्या जाहिरातीची तुझी तीस सेकंदांची पटकथा दोनदा वाचली. दुकानात मुलगा बिस्किटाच्या पुड्यासाठी लोळण घेतो, पाय आपटतो, लोक बघायला लागतात, बाबा ओशाळून पुडा हातात देतात आणि मुलगा डोळे पुसत हसतो. संवाद सहज आलेत, हट्टही खरा वाटतो. मुलं हट्ट करतात आणि तो दाखवायला काहीच हरकत नाही. घोटाळा आहे पंचविसाव्या सेकंदाला, रडणं थांबण्यासाठी पुडा मिळतो तिथे.

दोनदा 'नाही' म्हणालेले बाबा तिसऱ्या किंकाळीला विरघळले, तर मुलगा एवढंच शिकतो की तीनदा ओरडायचं. पुढच्या खेपेला दोन किंकाळ्यांनी भागलं नाही तरी तो थांबत नाही, कारण कधीतरी मिळतं हे त्याला कळलेलं असतं. अधूनमधून फळणारा हट्ट मोडायला सगळ्यात अवघड असतो.

'पण आपण त्याचं कौतुक कुठे केलंय?' असं तुला बैठकीत कुणीतरी म्हणेल. तेव्हा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचा १९६५ सालचा प्रयोग आठव. मोठा माणूस फुगवलेल्या बाहुल्याला बडवतोय, अशी फिल्म त्यांनी लहान मुलांना दाखवली. शेवट तीन होते: एकात त्याला शाबासकी, एकात दटावणी, एकात काहीच नाही. दटावणी पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण 'काहीच नाही' पाहिलेली मुलं शाबासकी पाहिलेल्यांच्याच जवळपास राहिली. म्हणजे मोठ्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मुलं 'चालतं' असा लावतात. नंतर नक्कल करून दाखवली तर बक्षीस, असं सांगितल्यावर तिन्ही गटांतला फरक जवळजवळ मिटला. शिकलेली सगळीच होती.

या शेवटच्या निष्कर्षामुळेच अंगावर बेतणारी खोडी पटकथेत नकोच. फळीवर चढणं, काडी पेटवणं, प्लगमध्ये काही खुपसणं सरळ टाळ. शेवटी रागावलेली आई दाखवून ते भरून निघत नाही आणि 'घरी करून पाहू नका' ही पट्टी वाचता न येणाऱ्या मुलाच्या काहीच कामाची नाही. भिंतीवरच्या रेघोट्या, चिखल, सांडलवंड मात्र बिनधास्त दाखव. ते कुतूहल आहे, त्याला गुन्हा ठरवू नकोस. उलट उत्तर देणं, धाकट्याच्या हातून हिसकावणं किंवा आईबाबांची फजिती करून जिंकणं आलं, की मोठ्यांचं उत्तर त्याच चित्रात दिसलं पाहिजे.

ते उत्तर म्हणजे चापट नव्हे. विनोद म्हणून मारलेली टपलीसुद्धा नको. घरात मुलांना मारण्यावर स्वीडनने १९७९ सालीच कायद्याने बंदी घातली आणि त्यानंतर अनेक देशांनी तसे कायदे केले. पण त्याहून साधी गोष्ट अशी, की टपली पाहून अर्धे प्रेक्षक 'बरं झालं' म्हणतात, अर्धे चिडतात आणि तुझं उत्पादन कुणाच्याच लक्षात राहत नाही. हतबल बाप आणि मारणारा बाप यांच्या मध्ये ठाम बाप असतो. जाहिरातीत तो फार क्वचित दिसतो, म्हणून लिहायला मजा येईल.

असं करून बघ. पहिले सहा सेकंद हट्ट, पुडा फळीवर ठळक दिसतोय. मग बाबा गुडघे टेकून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. वाक्य एकच: "आज नाही. रडून झालं की निघू." मग तीन-चार सेकंद काहीच नाही, फक्त हुंदके उतरत जातात. ही शांतता कापायचा मोह होईल, कापू नकोस. सगळा ठामपणा तिथेच आहे. बाबा बोट पुढे करतात, मुलगा ते धरतो. त्यानंतर वेगळा दिवस, वेगळे कपडे, घर, आणि पुडा बाबा आपणहून उघडतात. कपडे बदललेले स्पष्ट दिसू देत, नाहीतर रडल्याचंच बक्षीस वाटेल.

आता दोन सापळे. तीस सेकंदांची जाहिरात पुढे दहा सेकंदांवर छाटली जाते तेव्हा पहिला बळी जातो तो गुडघे टेकलेल्या बाबांचा, आणि उरतो फक्त हट्ट आणि पुडा. म्हणून दहाची आवृत्ती आत्ताच वेगळी लिही. त्यात हट्टच ठेवू नकोस. दुसरा सापळा आवाजाचा. मोबाइलवर पुष्कळजण जाहिरात आवाज बंद ठेवून बघतात. नकार फक्त संवादात असेल तर तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आवाज बंद करून बाबांचा नकार कळतो का, ते तपास.

शेवटची ओळ, 'आत्ताच आईला आणायला सांग', खोडून टाक. पालकांकडे वस्तूचा लकडा लावायला मुलांना थेट सांगू नये आणि पालकांचा अधिकार कमी लेखू नये, असं आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची जाहिरात-संहिताही सांगते. सात-आठ वर्षांखालच्या बहुतेक मुलांना समोरचा आपल्याला काही विकतोय हे नीट उमगत नाही, त्यांना ती आज्ञाच वाटते.

चित्रीकरणात रडण्याचे टेक मोजकेच घ्या. मुलाला आधी सांगा की हे खोटं-खोटं रडणं आहे, आणि बाबांचं काम करणाऱ्या नटाशी त्याची आदल्या दिवशीच गट्टी जमू द्या. खरोखर घाबरवून रडवलेलं मूल पडद्यावर लगेच ओळखू येतं, आणि तसं करणं चूकच आहे.

दुसरा खर्डा पाठव. दहा सेकंदांची आवृत्ती सोबत जोड, मी आधी तीच वाचेन.