घरच्या जुन्या .३०३ रायफलची नळी बदलून .३१५ करता येईल का?

मिस्त्रीकडून तर अजिबात नको. .३०३ निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतले माप) मोडते, साध्या परवान्यावर मिळत नाही, म्हणून आपल्याकडे .३१५ चालते. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची ही रायफल म्हणजे ली-एनफिल्ड या जुन्या .३०३ लष्करी रायफलचीच घडण, काडतूस तेवढे वेगळे. पण .३०३ चे कवच ५६ मिमी, .३१५ चे ५० मिमी आणि बुडाशी जाड. ‘नळी मोठी करून देतो’ म्हणणाऱ्याकडून फुटकी रायफल हाती येते, आणि परवान्याविना असा बदल शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हाही आहे. घरची .३०३ वारशात आली असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा.

सरळ .३१५ घ्या. वापरलेली असेल तर बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का पाहा. जुळत नसेल तर हेडस्पेस (काडतुसाच्या बुडासाठी बोल्टसमोर उरणारी जागा) मोजल्याशिवाय झाडू नका. झाडलेले कवच उजेडात धरा. बुडाच्या थोडे वर चकचकीत कडे दिसले तर ही हेडस्पेसची जागा जास्त आहे. पुढचे कवच तिथेच तुटून अर्धे चेंबरमध्ये अडकते. पावसाळ्यात लाकडी कव्हर काढून नळी पुसा, गंज तिथेच लपतो. पुलथ्रू (नळी पुसायची चिंधी बांधलेली दोरी) नेहमी ब्रीचकडून, म्हणजे बोल्टच्या बाजूनेच ओढा, तोंडाकडून गज घातला की तिथले आटे झिजतात आणि नेम बिघडतो. २०१९ पासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, तेवढे धरून चाला.