उताऱ्यावरचा बोजा

“ताई, माझं तारण झालंय की नाही, हे कसं कळायचं?”

तारण म्हणजे पापातून सुटका. समुपदेशनाला येणाऱ्यांत हा प्रश्न नव्या विश्वासणाऱ्यांपेक्षा जुन्या ख्रिस्ती घरांतली माणसं जास्त विचारतात. तान्हेपणी बाप्तिस्मा, शाळेत असताना दृढीकरण (त्या बाप्तिस्म्याची स्वतःच्या तोंडून पुष्टी), रविवारच्या उपासनेला ठरलेला बाक, आणि पन्नाशी उलटल्यावर रात्रीची झोप नाही. मागोमाग दुसरा प्रश्न येतोच: “मलाच खात्री नाही, तर दुसऱ्याला काय सांगू?” दोन्हींचं मूळ एकच असतं. ते ज्यांच्यामुळे सगळ्यात स्वच्छ दिसलं, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत वसुलीचं काम करणारे गृहस्थ. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. इथं त्यांना वसुलीसाहेब म्हणू.

पहिल्या भेटीला ते एक वही घेऊन आले. लाल पुठ्ठ्याची, रकाने पाडलेली: प्रार्थना, वचनवाचन, राग, खोटं, दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला). अकरा वर्षांच्या नोंदी. संजीवन सभांत, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या सभांत, चार वेळा पुढं जाऊन त्यांनी येशूला जीवन समर्पण केलं होतं. त्या चारही तारखा पुठ्ठ्याच्या आत लिहिलेल्या.

“चार वेळा का?”

“आधीचं लागू पडलं नसेल असं वाटलं.”

अशा माणसाशी लगेच बायबलच्या वचनांवर बोलायला लागणं ही पाळकांकडून आणि समुपदेशकांकडूनही होणारी चूक. आधी तीन गोष्टी विचारायच्या. पापांगीकार, म्हणजे देवापुढं पापं कबूल करणं, रोज किती वेळ चालतो? ठरवून थांबवला तर किती घाबरायला होतं? झोप, जेवण, काम यांवर परिणाम झालाय का? रोजचा तासाहून जास्त वेळ त्यात जात असेल, तेच शब्द ‘नीट’ होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणावे लागत असतील, तर तो मंत्रचळासारखा (ओसीडी) आजार असू शकतो. त्यावर औषध आणि उपचार आहेत. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवायचं आणि तिथं जाणं म्हणजे अविश्वास नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. वसुलीसाहेबांचं तसं नव्हतं. रात्री वीस मिनिटं वही, मग प्रार्थना. झोप उडाली होती ती एका चहामुळे.

कार्यालयातल्या एका सहकारी बाईंनी चहाच्या वेळी सहज विचारलं होतं, “साहेब, तुमच्यात तारण म्हणतात ते काय असतं हो?” साहेब चाळीस मिनिटं बोलले. दहा आज्ञा, उपासना, दशांश, दारू सोडणं, बाप्तिस्म्याची तयारी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमच्याकडंही हेच सांगतात की. चांगलं वागा, देवाला विसरू नका.”

“मला उत्तर सुचेना,” ते म्हणाले. “त्यांचं खोटं नव्हतं.”

“या चाळीस मिनिटांत येशूनं काय केलं ते कुठं आलं?”

बराच वेळ ते वहीकडं बघत राहिले. “आलंच नाही.”

येशूला वगळून सांगितलेली सुवार्ता (तारणाची बातमी) आणि ती वही, दोन्ही एकाच हाताचं अक्षर. माणूस स्वतः जे जगतो तेच दुसऱ्याला सांगतो. म्हणून साक्ष कशी द्यावी, आपला विश्वास दुसऱ्याला कसा सांगावा, याचं प्रशिक्षण घेऊनही पुष्कळांची जीभ अडते. अडचण शब्दांची नसते, खात्याची असते.

खात्याची भाषा त्यांचीच होती, म्हणून पुढच्या भेटींत तीच वापरली. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या पौलानंही ती वापरली आहे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती देणं म्हणून, कृपा म्हणून नाही. आणि जो काम न करता विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. ‘गणला जातो’ हा मूळ ग्रीकमध्ये हिशेबातलाच शब्द. कलस्सैकरांस पत्रात आपल्याविरुद्धचं ऋणपत्र खोडून वधस्तंभाला खिळल्याचं येतं, तर इब्री लोकांस पत्रात येशू जामीन झाल्याचं. वसुलीसाहेबांनी ही वचनं शंभरदा वाचली होती. ती आपल्या रोजच्या कामाबद्दल आहेत, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

“जामीनदारानं पूर्ण भरणा केला, तर संस्था कर्जदाराकडं तगादा लावते का?”

“नाही. खातं बंद.” मग ते थांबले आणि धंद्यातला प्रश्न त्यांनी टाकला. “पण ताई, जामीनदार नंतर कर्जदाराकडून वसूल करू शकतो. कायद्यानं त्याला तो हक्क आहे.”

प्रश्न अचूक होता आणि त्यातच अकरा वर्षांचं दुखणं होतं. देवानं सोडलं, आता येशूचे हप्ते फेडायचे, अशी ती वही होती. उत्तर म्हणून फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र काढलं. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासासाठी पौल त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहितो की तो काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. अनेसिमाकडून ते नंतर वसूल करायचं, असा एक शब्द पत्रात नाही. दासाला भाऊ म्हणून घरात घे, एवढीच मागणी. (वधस्तंभावरच्या ‘पूर्ण झाले आहे’ या उद्गाराचा अर्थ ‘कर्ज फिटलं’ असा होता, असं प्रवचनांत हमखास ऐकू येतं. त्याचा पुरावा कच्चा आहे. एवढं भक्कम ऋणपत्र हाताशी असताना त्याची गरजही नाही.)

त्या दिवशी ते काही न बोलता गेले. पुढच्या भेटीत खुर्चीवर बसायच्या आत म्हणाले:

“ताई, कर्ज फिटतं, बेबाकी दाखला मिळतो, तरी सातबाऱ्यावर बोजा तसाच दिसतो. लोक येतात रडत, ‘साहेब, अजून नाव आहे.’ मी त्यांना सांगतो, कर्ज संपलंय, फक्त उतारा जुना आहे. दाखला घेऊन तलाठ्याकडं जा, फेरफार होईल. मी अकरा वर्षं जुना उतारा बघत बसलोय का?”

इतकं नेमकं चित्र समुपदेशकाला सुचत नाही, आणि सुचवूही नये. ज्याचं त्याला सापडलं की ते टिकतं. आपलं काम त्याच्या हातात योग्य वचनं द्यायची आणि गप्प बसायचं; दुसरा भाग अवघड.

भावना म्हणजे जुना उतारा. ती खोटी नसते, पण देण्याघेण्याचा पुरावा तिथं नसतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पुढं आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणानं लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. विद्येत आणि त्यागात त्यांच्या जवळपास जाणारी माणसं थोडी. तीच बाई असं लिहिते, हे कळल्यावर तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाची लाज निम्मी उतरते.

इथवर आलेला माणूस साधारण दोन ठिकाणी अडखळतो. पहिलं: “माझा विश्वास पुरेसा आहे का?” म्हणजे कर्मांची वही मिटून विश्वासाची उघडली. वसुलीसाहेबांना विचारलं, “कर्जदाराला धाकधूक असली म्हणून जामीनदाराची ऐपत घटते का?” ते मोठ्यानं हसले, त्या खोलीत पहिल्यांदाच. विश्वासात तीन गोष्टी येतात: येशूनं काय केलं ते माहीत असणं, ते खरं मानणं आणि स्वतःचा भार त्याच्यावर टाकणं. जुन्या घरांत पहिल्या दोन भरपूर असतात, अडतं तिसऱ्यापाशी. ती करायची कशी? साध्या शब्दांत, एकदा: प्रभू, माझ्याकडं भरायला काही नाही, तू भरलंस ते मी घेतो. पाचव्यांदा समर्पणाला पुढं जायचं नाही. शंका आली की प्रार्थना पुन्हा न म्हणता वचन पुन्हा वाचायचं. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो का लिहितो ते दिलंय: तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला समजावं म्हणून.

दुसरं अडखळणं याकोबाच्या पत्रावर, कर्मांवाचून विश्वास निर्जीव. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली 8, 9 आणि 10 ही वचनं सलग वाचली की हे सुटतं. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. आणि दहाव्यात, सत्कर्मांसाठी आपण निर्माण केलेले. क्रम उलटा केला की रोज संध्याकाळी वही उघडावी लागते.

मग राहिली ती चहाची गोष्ट. बायबलमध्ये फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं पौलाला आणि त्याच्या सोबत्याला मध्यरात्री विचारलं होतं, तारण व्हावं म्हणून काय केलं पाहिजे. त्याला मिळालेलं उत्तर एका वाक्याचं आहे, प्रभू येशूवर विश्वास ठेव. त्याच मापानं वसुलीसाहेबांनी चार वाक्यं स्वतःच्या बोलीत बसवली. देवानं आपल्याला त्याच्याजवळ राहायला केलं. आपण पाठ फिरवली आणि ते देणं आपल्याच्यानं फिटत नाही. येशूनं मरून ते फेडलं आणि तो पुन्हा उठला. त्याच्यावर विसंबून ते फुकट घ्यायचं. घड्याळ लावून म्हणून बघितलं, मिनिटभरही लागलं नाही.

बरोबरीनं काही पथ्यं ठरली. विचारलं तेवढंच सांगायचं, “अजून सांगू का?” असं विचारून पुढं जायचं. समोरच्याच्या देवांना नावं ठेवायची नाहीत. कर्जाची सवलत, धान्य, औषध, फीचे पैसे यांची सांगड सुवार्तेशी कधीही घालायची नाही. हाताखालच्या माणसाशी आणि कर्जदाराशी तर दुप्पट जपून, कारण त्याला ‘नको’ म्हणणं जड जातं. घटनेच्या 25 व्या अनुच्छेदानं धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये म्हटलं आहे. विश्वास ठेवणाऱ्याला त्यात अडचण वाटायचं कारण नाही; मन पालटणं हे तसंही आपल्या हातातलं काम नव्हे. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका परक्या साहेबानं नवा करार दिला आणि तो आपल्या वाटेनं निघून गेला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांना धरून ठेवलं. बाप्तिस्मा झाला तो 1895 मध्ये.

वसुलीसाहेबांनी बाईंना आधीच्या चाळीस मिनिटांबद्दल माफी मागितली आणि ती चार वाक्यं सांगितली. त्या म्हणाल्या, “हे मात्र आमच्याकडं असं नाही सांगत.” लूककृत शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका त्यांनी मागून घेतली.

“आता ती त्यांच्या टेबलाच्या खणात आहे,” शेवटच्या भेटीत ते सांगत होते. “अधूनमधून बाहेर निघते. कुठवर आल्या, मी विचारत नाही. आयुष्यभर तगादाच लावला, ताई. इथं नको.”