आमच्या दूरच्या दुसऱ्या घरावरून वादळ गेलं. शेजारी म्हणतात ‘घर उभं आहे’. आम्हाला लगेच जाता येत नाही, तोवर काय करावं?

‘घर उभं आहे’ हे ऐकून तुमचा जीव भांड्यात पडला असेल, आणि पडायलाही हवा. पण त्या वाक्यातून भिंती शाबूत आहेत एवढंच कळतं. बंद घराची नासाडी बरेचदा वादळ सरल्यावर सुरू होते. आढ्याची दोन-चार कौलं सरकलेली किंवा पत्र्याच्या स्क्रूखालचे वॉशर फाटलेले असतात, पाणी झिरपत राहतं आणि आत हवा कोंडलेली असते. ओली गादी, प्लाय, जिप्समचं छत यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेव्हा पहिली कामं तिथल्याच कोणाकडून तरी करून घ्यावी लागतील.

फोनवर “सगळं ठीक ना?” असं विचारू नका, कारण उत्तर “हो” असंच येतं. नेमकं विचारा: आढ्याची रांग सरळ दिसते का? कुठली काच फुटली आहे का? जोत्यावर पाण्याची रेघ उमटली आहे का, आणि किती उंचीवर? वायर लोंबते आहे का?

वायर पडलेली असेल, गॅसचा वास येत असेल किंवा फरशीवर पाणी साचलं असेल, तर कोणालाही आत पाठवू नका. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. जागा कोरडी असेल तरच तो बंद करायला सांगा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद हवा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर घरातल्या लाइनला करंट देत राहतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वीज आली म्हणून लगेच मेन चालू करू नये. वादळात न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटलेला असेल तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो आणि फ्रिज, टीव्ही, पंप एका फटक्यात जातात. आधी इलेक्ट्रिशियनला व्होल्टमीटर लावून दाब पाहू दे.

यानंतर फोटो, आणि तेही केर काढण्याआधी. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत आणि बाहेरून चारही बाजू घ्यायला सांगा. विमा असेल तर त्याच दिवशी कळवा. घर किती दिवस रिकामं असलं तरी विमा लागू राहतो आणि वारा व पूर यांना वेगळे नियम आहेत का, ते पॉलिसीत पाहा. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत काही हलवायचं नाही, असं लोक धरून चालतात. खरं तर नुकसान वाढू न देणं ही सहसा तुमचीच जबाबदारी मानली जाते. फोटो काढून पाणी उपसा आणि ताडपत्री घाला. बिलं आणि फाटक्या गालिच्याचा एखादा तुकडा मात्र जपून ठेवा.

ताडपत्री घालण्यातच सर्वांत जास्त चुका होतात. ती फक्त भोकावर टाकून वर विटा ठेवल्या तर पुढच्या वाऱ्यात ताडपत्री उडते आणि विटा खाली येतात. तिचं वरचं टोक आढ्यापलीकडे दोन-तीन फूट न्या, कडा लाकडी रिपेभोवती गुंडाळा आणि रीप स्क्रूने पक्की करा. आतल्या छतात पाणी साचून फुगा आला असेल तर खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून कडेला छोटं भोक पाडायचं. एक चौरस मीटरवर सेंटीमीटरभर पाणी म्हणजे दहा किलो वजन, त्यामुळे छत अंगावर येऊ शकतं.

पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, गाद्या बाहेर काढा, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ओल्या भिंतीला रंग लावायची घाई नको, पापुद्रे सुटतात. घर समुद्राजवळ असेल तर ग्रिल, बिजागऱ्या आणि वीज बंद असताना एसीचं बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने धुवून घ्या. मीठ ओल धरून ठेवतं. वीज पूर्ण दिवस गेली असेल तर फ्रिजमधलं दूध-मांस चाखून बघू नका, टाकून द्या.

राहिले शेजारी. त्यांचे उपकार वाटत असतील तर त्यांना छपरावर चढायला लावू नका, ते काम छप्परवाल्याचं. मजुरी आणि सामानाचे पैसे आधी पाठवा, नंतर हिशेब मागत बसू नका. फोन दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी करा. वादळ त्यांच्या घरावरूनही गेलं आहे. तुम्ही पाठवलेली ताडपत्री आधी त्यांच्या छपराला लागली तर लागू द्या.