सॅटचा स्कोअर द्यायचा की नाही?

ताई, तुमची मुलगी यंदा दहावीत आहे, बोर्डाची परीक्षा झाली की साहेबांच्या बदलीमुळे तुम्ही सगळे न्यू जर्सीला येताय, आणि ‘सॅट (अमेरिकन कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा) आता ऐच्छिक आहे, कशाला देता’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ते अर्धंच खरं आहे.

कोविडमध्ये परीक्षाच होईनात म्हणून बहुतेक कॉलेजांनी सूट दिली होती. एमआयटीने 2022 मध्येच सॅट किंवा तिच्यासारखीच दुसरी परीक्षा एसीटी पुन्हा सक्तीची केली. 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेकनेही तेच केलं. उलट बर्कली, यूसीएलए ही कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं प्रवेश देताना स्कोअर बघतच नाहीत. तेव्हा आधी कॉलेजांची यादी करा.

इथे सीईटीसारखी मेरिट लिस्ट लागत नाही. 1600 पैकी 1600 मिळालेल्यांनाही नकार येतो. नववीपासूनचे मार्क, शाळेत जे अवघड विषय होते त्यांतले किती घेतले, शिक्षकांची पत्रं, निबंध, हे सगळं एकत्र वाचतात. स्कोअरवरून त्यांना एवढंच कळतं की मुलीला तिथला अभ्यास झेपेल. पण तुमच्या लेकीची दोन वर्षं एसएससी बोर्डाची आणि दोन अमेरिकन शाळेतली असणार. तिला आणि तिच्या वर्गातल्या मुलांना एकाच मापाने मोजणारी दुसरी गोष्ट फारशी नाही, म्हणून तिने सॅट द्यावीच असं माझं ठाम मत आहे.

स्कोअर ऐच्छिक असेल तिथे पाठवायचा का, हे कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेज स्वतःच जाहीर करतं ती प्रवेशाची वगैरे आकडेवारी) बघून ठरवा. गूगलवर कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाका आणि सी-9 हा तक्ता उघडा. तिथे 1480 ते 1550 असं दिसलं, तर प्रवेश घेऊन स्कोअर दिलेल्यांपैकी साधारण पाव मुलं 1480 च्या खाली होती. कमी स्कोअरवाले तो पाठवतच नाहीत, त्यामुळे हे आकडे थोडे चढे असतात. बघून घाबरू नका. डार्टमथच्या अभ्यासात तर असं दिसलं की साध्या घरांतल्या कित्येक मुलांनी लपवलेला स्कोअर त्यांच्या फायद्याचाच ठरला असता, कारण तो त्यांच्या शाळेच्या परिस्थितीत ठेवून वाचला जातो.

महागडा क्लास आत्ता नको. ज्यावर सॅट घेतात त्या ब्लूबुक अॅपवर पूर्ण सराव परीक्षा फुकट आहेत, खान अकॅडमी ही शिकवणीची वेबसाइटही फुकट. गणित आपल्या मुलांना जमतं, कस लागतो तो इंग्रजी उताऱ्यांत. रोज थोडं इंग्रजी वाचन आजपासून सुरू करा. अकरावीच्या वसंतात पहिली परीक्षा, गरज पडली तर ऑगस्टमध्ये दुसरी. आणि निघण्याआधी नववी-दहावीच्या सही-शिक्क्याच्या गुणपत्रिका शाळेकडून घ्या, इथल्या शाळेत नाव घालताना लागतील.