मोठ्या शाळेत लेकरू हरवेल का?

शाळा सुरू झाल्या की पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी हा प्रश्न घेऊन येतातच. “मॅडम, एका वर्गात साठ-सत्तर मुलं. तिथं माझ्या लेकीकडे कोण बघणार?”

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका आईनं हे विचारलं, तेव्हा लेक शेजारीच मान खाली घालून बसली होती. तिला अनुजा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आठवीपर्यंत ती घराजवळच्या लहानशा शाळेत होती. तिथं शिपाईकाकांपासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे तिला ओळखत. वडिलांचं काम सुटलं, फी झेपेना, म्हणून नववीला सरकारी हायस्कूलमध्ये नाव घातलं. तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखायचं, रविवारी मात्र नाही. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. आईच्या मते गणित जड जात होतं, ट्यूशन लावायला हवी होती.

मी अनुजाला शाळेतला अख्खा दिवस सांगायला लावला. तासांबद्दल ती सरळ बोलली, गणिताबद्दलसुद्धा. मधल्या सुट्टीशी येऊन अडखळली. डबा ती जिन्याखाली उभ्यानंच खायची. “माझं नाव कुणाला माहीतच नाही. हजेरीत नुसता नंबर.”

ट्यूशननं हे सुटणारं नव्हतं, आणि शिक्षकांनाही मी दोष देणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानं (2009) सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. नववी त्या कायद्याच्या बाहेर पडते. त्यात आसपासच्या मिडल स्कूलची मुलं एकाच हायस्कूलमध्ये येतात नि वर्ग फुगतो. म्हणजे वर्गातल्या कितीतरी मुली अनुजाइतक्याच नव्या होत्या! हे मी सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

अख्ख्या शाळेनं ओळखावं याची गरज नसते. दहा-बारा जणांचा एक गट आणि आपण आलो नाही तर चौकशी करणारं एक मोठं माणूस, एवढं मिळालं की मूल तग धरतं. जुन्या शाळेत अनुजा खो-खो खेळायची. आईला म्हटलं, वर्गशिक्षिकेला भेटा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. मुलगी नवी आहे आणि खो-खो खेळते, एवढंच सांगा.

बाबा अडून बसले. “नववीचं वर्ष, आता कसला खेळ?” त्यांची काळजी खरी होती; काम सुटलेल्या माणसाला मुलांच्या मार्कांचाच आधार वाटतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, हेही त्यांना सांगून पाहिलं. त्यानं फरक पडला नाही. शेवटी मी विचारलं, “पोट दुखतंय म्हणून बुडालेल्या दिवसांचा अभ्यास कोण भरून काढणार?” त्यावर सहामाहीपर्यंत बघू, असं ठरलं.

शाळेच्या संघात खो-खो खेळायला मिळालं, तशी संघातल्या मुलींबरोबर डबाही सुरू झाला. आता एखाद्या दिवशी आली नाही तर खेळाचे सर विचारतात. पोटदुखी हळूहळू कमी झाली. गणित अजून कच्चंच आहे. संघातलीच एक मुलगी तिला शिकवते.

तुमचं मूल नव्या शाळेत गेलं असेल, तर मार्कांआधी डबा कुणाबरोबर खाल्ला ते विचारा. दोन महिन्यांनंतरही एकही नाव सांगता येत नसेल, तर थांबू नका, वर्गशिक्षकांना भेटा. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं झाल्याचं मूल बोललं, तर त्याच दिवशी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा.